मोबाइल फोनवर दुसरी कार्यप्रणाली बसविणे अवघड का? : गोंडी अक्षरांच्या निमित्ताने

भाषाभ्यासाच्या विभागाने काढलेल्या पत्रिकेत मोबाइल फोनच्या अंतर्रचनेवर लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु हा विषय आमच्याकडे यंत्रशास्त्रातून आलेला नाही. तो एका गोंडी शब्दसूचीतून आला. गडचिरोली जिल्ह्यातील क्षेत्रकार्याहून परतलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या नोंदी संगणकावर मसराम गोंडी लिपीत टंकलिखित केल्या आणि त्यांतील काही गावी असलेल्या थोरल्या भावास फोनवर पाठविल्या. भावाच्या फोनवर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या ओळी उमटल्या. मग विद्यार्थ्याने विचारले, की संगणकावर जसा नवा फॉन्ट घालता येतो, किंबहुना जुनी कार्यप्रणाली काढून संपूर्ण नवी बसविता येते, तसे फोनवर का करता येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे कळले, आणि जे गमवावे लागले, ते येथे मांडावयाचे आहे.

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आपल्या अगदी शेजारची, किंबहुना नागपूर शहर ज्या राज्यकर्त्यांनी वसविले त्यांच्या लोकांची भाषा होय. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे ३० लाख नोंदली आहे. ती देवनागरीत लिहितात, तेलुगूत लिहितात. परंतु तिच्या स्वतःच्या म्हणून दोन लिप्याही आहेत. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली एक लिपी सिद्ध केली. दुसरी आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गावी मिळालेल्या हस्तलिखितांतून प्रकाशात आली. युनिकोड या जागतिक वर्णसंचात मसराम गोंडीचा समावेश २०१७ साली आणि गुंजाला गोंडीचा २०१८ साली झाला. म्हणजे प्रत्येक वर्णास एक ठरावीक क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसू लागले, असा समज आमच्यापैकी अनेकांचा होता. तो खरा नव्हता.

पडद्यावर अक्षर उमटावयाचे तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. वर्णाचा क्रमांक हवा, त्या क्रमांकाचे चित्र ज्यात आहे असा फॉन्ट हवा, आणि मात्रा कोठे लागते, जोडाक्षर कसे जुळते हे जाणणारा जुळणी करणारा सॉफ्टवेअरचा भाग हवा. छापखान्यातील खिळे आणि खिळे जुळविणारा कंपोझिटर यांची जी गत, तीच येथेही. यांतील कळफलक तेवढा बाहेरून आणता येतो, कारण फोनच्या दृष्टीने तो एक साधा अ‍ॅप आहे. पण फॉन्ट आणि जुळणी हे दोन्ही कार्यप्रणालीच्या पोटात राहतात. एखादा अ‍ॅप स्वतःपुरता फॉन्ट बरोबर घेऊन येऊ शकतो. मात्र संदेश, संपर्कांची यादी, फाइलींची नावे अशा जागी कार्यप्रणालीजवळ जे असेल तेच दिसते. यास्तव ज्या फोनची कार्यप्रणाली २०१७ पूर्वीच गोठली, त्यावर मसराम गोंडीत लिहिलेला मजकूर चौकोन होऊनच येणार.

मराठी वाचकाने हा अनुभव फार पूर्वी घेतलेला नाही. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांना देवनागरी नीट जुळविता येत नसे. अक्षरे दिसलीच तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूस लागे आणि जोडाक्षरे सुटी होऊन पडत. २०११ च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीत देवनागरीची सोय झाली, आणि मराठी ही फोनच्या सूचनांची भाषा म्हणून निवडण्याची सोय २०१४ च्या ५.० या आवृत्तीत आली. मधल्या काळात ज्यांनी जुना फोन घेतलेला होता त्यांनी काय केले? बहुतेकांनी नवा घेतला. काही थोड्यांनी फोनच्या कार्यप्रणालीचा ताबा मिळवून फॉन्ट आत घातले. आजही ज्यांस मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतात, त्यांस हिंदी वळणाची अक्षरे पत्करावी लागतात, कारण फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असली तरी त्यांतील कोणते निवडावयाचे हे मजकुराची भाषा मराठी आहे असे वरच्या सॉफ्टवेअरने कळविल्यावर ठरते.

आता मूळ प्रश्न. कोणत्याही बाजारातून आणलेल्या संगणकावर लिनक्स बसविणे हे हल्ली पदवीच्या विद्यार्थ्यासही जमते. याचे कारण इतिहासात आहे. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याची रचना इतर कंपन्यांनी उचलली, आणि 'त्याच धर्तीचा' असणे हेच विक्रीचे भांडवल झाले. त्यामुळे संगणकाच्या घटकांमध्ये एक सामाईक शिष्टाचार रूढ झाला. १९९२ च्या पीसीआय जोडणीपासून तर प्रत्येक घटक आपल्या निर्मात्याचा व आपल्या प्रकाराचा क्रमांक विचारल्यास सांगतो. नवी कार्यप्रणाली अनोळखी संगणकात शिरते तेव्हा ती जणू पंगतीतून फिरून प्रत्येकास विचारते, आपण कोण? आणि प्रत्येक जण उत्तर देतो.

मोबाइल फोनमध्ये बहुतेक घटक मुके असतात. पडदा, स्पर्शाची जाणीव घेणारा पृष्ठभाग, ध्वनीची चिप, विद्युत्पुरवठा नियंत्रित करणारी चिप हे सारे प्रत्येक नमुन्यात निराळ्या तारांनी, निराळ्या पत्त्यांवर जोडलेले असतात. आणि बहुतेकांस आपली ओळख सांगण्याचे साधन नसते. कोणत्या पत्त्यावर काय आहे हे आगाऊ लिहून कार्यप्रणालीच्या हाती द्यावे लागते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर संगणकाचे व्याकरण भाषकास विचारून जमविता येते, फोनचे व्याकरण मात्र लिहिलेले हाती आले नाही तर अप्राप्य राहते. पूर्वी हे वर्णन लिनक्सच्या गाभ्यातच प्रत्येक नमुन्यागणिक वेगळे लिहीत. त्याचा इतका पसारा झाला, की २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्याविषयी उघड त्रागा केला, आणि त्यानंतर ही वर्णने 'डिव्हाइस ट्री' नावाच्या स्वतंत्र तक्त्यांत लिहिण्याची पद्धत या चिपांसाठी रूढ झाली. पद्धत सुधारली, परंतु तक्ता लिहावयाचा कोणी, हा प्रश्न राहिलाच. लिहिणारा निर्माता, आणि त्यास त्याचे प्रयोजन फोन विकेपर्यंतच.

याचा प्रत्यय आम्हांस लवकरच आला. विभागाने २०१५ साली क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणासाठी चार फोन घेतले होते. निर्मात्याने त्यांची कार्यप्रणाली अद्ययावत करणे कधीच थांबविले असले तरी यंत्रे धडधाकट होती. त्यांवर लिनिएजओएस ही पर्यायी प्रणाली बसवून पाहावी असे ठरले. अँड्रॉइडच्या खुल्या संहितेवर आधारलेली ही प्रणाली २०१६ च्या डिसेंबरात, सायनोजेनमॉड हा आधीचा प्रकल्प बंद पडल्यावर, त्याच्याच कार्यकर्त्यांनी सुरू केली. चारही खोक्यांवर एकच नाव छापलेले होते. उघडून पाहता त्यांतील तीन फोनांत एक चिप आणि चौथ्यात निराळीच चिप निघाली. तिघांसाठी इतरांनी तयार केलेली आवृत्ती उपलब्ध होती, चौथ्यासाठी काहीच नव्हते. ग्राहकाच्या दृष्टीने जी एक वस्तू, ती कार्यप्रणालीच्या दृष्टीने दोन वस्तू असू शकते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

दुसरी अडचण कुलपाची. फोन सुरू होताना पहिली आज्ञा चिपमध्ये कायमची कोरलेली असते. ती पुढच्या टप्प्याच्या आज्ञावलीवर निर्मात्याची सांकेतिक स्वाक्षरी आहे की नाही हे तपासते. निर्मात्याच्या किल्लीचा ठसा चिपमधील बारीक तारा जाळून उमटविलेला असल्यामुळे तो मागाहून बदलता येत नाही. तपासणी पार पडली तर दुसरा टप्पा, म्हणजे बूटलोडर, तिसऱ्याची तपासणी करतो आणि तो कार्यप्रणालीच्या गाभ्याची. अँड्रॉइडने ही साखळी २०१६ च्या ७.० या आवृत्तीपासून अधिक कडक केली. सबंध प्रणालीवरच ही स्वाक्षरी असल्यामुळे तिच्यात फॉन्टची एकच फाइल घालावयाची म्हटली तरी साखळी तुटते. म्हणजे एक अक्षर घालणे आणि संपूर्ण प्रणाली बदलणे यांस किल्ली एकच लागते.

ही किल्ली देणे न देणे निर्मात्याच्या मर्जीवर आहे. काही कंपन्या फोनच्या सेटिंगमध्येच कुलूप उघडण्याची सोय ठेवतात. काही अर्ज करवून सांकेतिक क्रमांक देतात. काही मुळीच देत नाहीत. हुवावे ही कंपनी असे क्रमांक देत असे, ते तिने २०१८ साली बंद केले. सॅमसंगच्या अनेक फोनांत परकी प्रणाली एकदा चढविली की आतील एक खूण कायमची बदलते, आणि मूळ प्रणाली परत घातली तरी सुरक्षित साठ्याच्या काही सोयी पुन्हा मिळत नाहीत.

या कुलपास केवळ व्यापारी कावा म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. चोरलेल्या फोनवर चोराने दुसरी प्रणाली घालून आतील पत्रे, छायाचित्रे, बँकेचे तपशील वाचू नयेत हा त्याचा प्रामाणिक हेतू आहे. त्याच हेतूने कुलूप उघडताना फोन आपला सर्व अंतर्गत साठा पुसून टाकतो. हे आम्हांस माहीत असावयास हवे होते. तशी सूचना पडद्यावर इंग्रजीत आलीही होती, आणि आमच्यापैकी कोणीतरी घाईने ती मान्य केली. त्या फोनच्या अंतर्गत साठ्यात क्षेत्रकार्यातील अकरा ध्वनिमुद्रणे होती. नवांच्या प्रती संगणकावर घेतलेल्या होत्या, दोन्हींच्या नव्हत्या. त्यांतील एक एका वृद्ध गोंड बाईंनी सांगितलेल्या लग्नविधीच्या वर्णनाचे होते. त्या बाई पुढील पावसाळ्यात वारल्या. दोष निर्मात्याचा नव्हे, आमचा. परंतु 'अवघड' या शब्दाचा अर्थ किती दूरवर जातो हे तेव्हा कळले.

कुलूप उघडले, प्रणाली बसली, तीत गोंडीच्या फॉन्टची फाइल घातली, आणि विद्यार्थ्याच्या नोंदी प्रथमच फोनवर अक्षररूपाने दिसल्या. तो क्षण आनंदाचा होता हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच संध्याकाळी ध्वनिमुद्रण करून पाहिले तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा निघाला. फोनला दोन मायक्रोफोन होते, आणि त्यांपैकी एक नव्या प्रणालीस कळतच नव्हता. ध्वनिमुद्रणासाठी घेतलेल्या फोनवर लिपी दिसू लागली व मुद्रण बिघडले!

याचे कारण तिसऱ्या अडचणीत आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा. आणि लिनक्स १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे, त्यामुळे गाभ्यात केलेले बदल निर्मात्याने फोन घेणाऱ्यास मूळ संहितेसह उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. परंतु कॅमेरा, ध्वनी, चित्रप्रक्रिया यांचे चालक, म्हणजे त्या त्या घटकाशी बोलणारी सॉफ्टवेअरे, निर्माते बव्हंशी गाभ्याबाहेर ठेवतात, आणि तेथे हा परवाना पोहोचत नाही. ती केवळ यंत्रास वाचता येणाऱ्या फाइलींच्या रूपात मिळतात. ज्या आवृत्तीसाठी बनविली तिच्याशीच त्यांचे जमते. गाभा पुढे गेला की ती मागे राहतात. चिप बनविणारी कंपनी आपल्या जुन्या चिपेसाठी नवे चालक देणे थांबविते, मग फोन बनविणाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. २०१७ साली गूगलने अँड्रॉइड ८.० मध्ये निर्मात्याचा भाग आणि सामाईक भाग यांत स्पष्ट सीमा घालून ही गाठ थोडी सैल केली. २०१५ च्या आमच्या फोनांस तिचा लाभ नाही. आणखी एक गोष्ट : संभाषणाचे रेडिओ-लहरींचे काम करणारा भाग हा फोनमध्ये जवळजवळ स्वतंत्र संगणक असतो. त्याची प्रणाली निर्मात्याचीच राहते. ती बदलण्याच्या भानगडीत सर्वसाधारणपणे कोणी पडत नाही.

या साऱ्यातून पार पडलेल्या फोनचा नित्य वापर करावयाचा म्हटले की चौथी अडचण उभी राहते, आणि आमच्या विद्यार्थ्यासाठी तीच निर्णायक ठरली. बँकांचे व पैसे पाठविण्याचे अनेक अ‍ॅप सुरू होताना गूगलच्या सेवेकडून फोनविषयी एक दाखला मागतात. पूर्वी त्यास सेफ्टीनेट म्हणत, हल्ली प्ले इंटिग्रिटी म्हणतात. बूटलोडरचे कुलूप उघडे असेल तर दाखला पुरता मिळत नाही, आणि बँकेचा अ‍ॅप चालण्यास नकार देऊ शकतो. ज्याची शिष्यवृत्ती बँकेत जमा होते आणि खानावळीचे पैसेही जो यूपीआयने देतो, त्याने आपला एकमेव फोन या प्रयोगात घालावा असे सांगणे आम्हांस शक्य नव्हते. कुलूप उघडून नवी प्रणाली घातल्यावर आपल्या स्वतःच्या किल्लीने ते पुन्हा लावता येईल अशी सोय फार थोड्या फोनांत आहे. ग्राफीनओएस ही प्रणाली इतकी वर्षे मुख्यतः गूगलच्या पिक्सेल फोनांपुरती राहिली त्याचे हे एक कारण. आणि पिक्सेल आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील फोन नव्हे.

मग ग्राहकाने स्वतः प्रणाली बदलण्याऐवजी निर्मात्यानेच निराळी प्रणाली घालून फोन विकावा, हा मार्ग उरतो. महाराष्ट्रात त्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न झाला. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी मुंबईत उभारलेल्या कंपनीने भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली घडविली. २०१५ साली ती इंडस ओएस या नावाने मायक्रोमॅक्सच्या फोनांवर आली. लिप्यंतर, भाषांतर आणि भारतीय भाषांतील अ‍ॅपचे दुकान ही तिची वैशिष्ट्ये होत. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की ती कोणी आपल्या हाताने बसविली नाही; फोन कारखान्यातून येतानाच ती आत होती. स्वस्त भारतीय फोनांची बाजारपेठ चिनी कंपन्यांनी घेतल्यावर तिचा आधारच गेला, कंपनी प्रणालीपेक्षा अ‍ॅपच्या दुकानाकडे वळली, आणि २०२२ साली फोनपेने ती विकत घेतली. त्याआधी २०१४ साली मोझिलाची फायरफॉक्स ओएस घातलेला इंटेक्सचा फोन भारतात १,९९९ रुपयांस मिळत होता. २०१५ च्या डिसेंबरात मोझिलाने फोनांसाठीचे ते काम थांबविल्याचे जाहीर केले. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या आश्रयाने भारओएस पुढे आली. तिचाही भर सामान्य ग्राहकापेक्षा सुरक्षिततेची कडक गरज असलेल्या संस्थांवर होता.

निर्माते या मार्गाने का जात नाहीत याचा उलगडा भारतीय स्पर्धा आयोगाच्या २० ऑक्टोबर २०२२ च्या निर्णयात मिळतो. अँड्रॉइडची संहिता खुली असली तरी गूगलचे प्ले स्टोअर व इतर अ‍ॅप तसे खुले नाहीत; ते हवे असतील तर निर्मात्याने, अँड्रॉइडच्या मान्य न झालेल्या शाखेवर चालणारा फोन आपण काढणार नाही, असा करार करावयाचा असे. म्हणजे एक नमुना निराळा काढावयाचा तर सगळ्याच नमुन्यांवरील प्ले स्टोअर पणास लावावयाचे. आयोगाने ही अट अनुचित ठरविली, गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला व अनेक निर्देश दिले. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि निर्देशांपैकी चार रद्द केले. करार ढिले झाल्याने निर्मात्यास मोकळीक मिळेल. पण आधीच विकलेल्या फोनाचे कुलूप त्याने उघडत नाही, की त्याच्या मुक्या घटकांचे वर्णनही मिळत नाही.

अँड्रॉइडच्या नंतरच्या आवृत्त्यांत गोंडीच्या दोन्ही लिप्यांचे फॉन्ट समाविष्ट झाले आहेत, तेव्हा नवा फोन घेणाऱ्यास ही खटपट करावी लागणार नाही. ज्या भाषकांसाठी ती अक्षरे सिद्ध झाली त्यांच्या हाती मात्र बहुधा कोणाचा तरी जुना फोन असतो. विभागातील ज्या फोनवर लिनिएजओएस बसविली तो आता केवळ वाचनासाठी ठेवला आहे. त्याच चिपेचे दुसरे दोन फोन आम्ही जाणूनबुजून मूळ प्रणालीवरच राहू दिले, कारण त्यांचे ध्वनिमुद्रण चांगले आहे. चौथा कपाटात आहे. क्षेत्रकार्याहून परतताच ध्वनिमुद्रणाची प्रत त्याच दिवशी संगणकावर घेण्याचा नियम विभागाने केला आहे. विद्यार्थी आपल्या भावास गोंडी मजकूर अजूनही पाठवितो. तो संगणकावर लिहून त्याचे चित्र करतो व ते चित्र धाडतो. भाऊ वहीत लिहून त्याचे छायाचित्र परत पाठवितो. त्या चित्रांतील शब्द यंत्रास शोधता येत नाहीत, म्हणून शब्दसूचीत घेण्यासाठी ते विभागात पुन्हा एकेक करून टंकलिखित करावे लागतात.